ठिकाण : शेत

अहवाल दोनशे शब्दांत द्या, म्हणाल्या खांबेटे मॅडम,
फोटो चार, बॅनर दिसलं पाहिजे.
मी कृषी मंडळाचा सचिव.
अक्षर बरं आहे, एवढ्यावर निवडून आलो.

जुलैत बेचाळीस नावं आली.
माती पाचव्या मजल्यावर न्यायची आहे
आणि लिफ्ट फक्त स्टाफसाठी,
हे कळल्यावर उरलो अकरा.

निळा ड्रम उभा कापून दोन वाफे केले.
एकात भात.
दुसऱ्यात काय, यावर तीन बैठका; इतिवृत्त आहे माझ्याकडे.
अश्फाक मुकादम म्हणाला मुळा,
ऍश्लिन म्हणाली स्ट्रॉबेरी,
आणि उगवला दुधी,
कॅन्टीनच्या कचऱ्यातून, कुणाचाही ठराव नसताना.

गांडुळं पुण्याहून मागवली.
एक किलो, साडेचारशे रुपये, कुरियर वेगळं.
डबा उघडला तसे सगळे मागे सरकलो.
फक्त करुणा वरठा वाकली,
एक गांडूळ तळहातावर घेऊन बघितलं,
आणि काही न बोलता परत ठेवलं.

वासाची तक्रार आली, लेखी,
संख्याशास्त्र विभागाकडून.
वासाचं प्रमाण मात्र दिलेलं नव्हतं.

गणपतीच्या सुट्टीवरून आलो तर भाताची ताटं फुगलेली.
रोग पडला, आम्ही म्हणालो,
मोबाईलवर औषध शोधायला लागलो.
पोटरीला आलाय, करुणा म्हणाली.
आम्ही तिच्याकडे बघितलं,
मग खाली, आपापल्या पोटऱ्यांकडे.

दिवाळीआधी कापणी.
केमिस्ट्रीच्या तराजूवर दोनशे दहा ग्रॅम, टरफलासकट.
कबुतरांचा वाटा धरलेला नाही.

जानेवारीत क्षेत्रभेट दापोलीला ठरली होती.
बस बावीस हजार, शिल्लक एकतीसशे.
सगळे गप्प झाले तेव्हा करुणा म्हणाली,
आमच्याकडे या. आरेत, पाड्यावर.
कॉलेजपासून रिक्षाला साठ रुपये होतात.

मी फॉर्म भरला.
ठिकाण : शेत. जिल्हा : मुंबई उपनगर.
ऑफिसातून परत आला, लाल पेनाने गोल करून :
दुरुस्ती करावी. मुंबईत शेत नसते.
मी व्हाइटनर घेऊन बसलो होतो, खरं सांगतो.
खांबेटे मॅडमनी चष्मा काढला, फॉर्म ओढला,
सही अशी केली की खालच्या पानावर उमटली.

तिथे भाताची धसकटं होती, वाल होता,
आणि अश्फाकचा मुळा, ओळीने, मनगटाएवढा.
बिबट्या येतो का गं, पाच जणांनी पाच वेळा विचारलं.
येतो, जातो, म्हणाली तिची आई
आणि उकडलेल्या शेंगांचं टोपलं पुढे केलं.
वडिलांनी विचारलं, मंडळात काय करता?
शेती, आम्ही म्हणालो.
किती?
एक ड्रम.
त्यांनी मान हलवली, थट्टा न करता.

गोठ्यामागे करुणाने काठीने शेण उलटलं.
गांडुळंच गांडुळं.
साडेचारशे रुपये, करुणा! बोलली का नाहीस?
मला वाटलं, ती म्हणाली,
मंडळाची गांडुळं वेगळी असतील.
आधी हसली नाही. मग आम्हीच हसायला लागलो, तेव्हा हसली.

बांधावर लाल रंग फासलेला एक दगड होता.
हे काय पेरलंय, अश्फाकने विचारलं.
मोजणीवाल्यांनी पेरलंय, वडील म्हणाले.
अजून उगवलं नाही.
यावर काय बोलायचं ते कुणालाच सुचलं नाही.
ऍश्लिनने शेंगांची सालं गोळा करून म्हशीला घातली.

अहवालात लिहिलं आहे :
क्षेत्रभेट झाली, विद्यार्थ्यांना लाभ झाला.
फोटोत बॅनर छान आलं आहे,
शेत त्याच्या मागे गेलं.
एकशे अठ्ठ्याण्णव शब्द झाले.
दोन उरलेत, राहू देत.
दुधीला पाणी घालायचंय,
गच्चीची किल्ली तुळाजीमामांकडे,
आणि मामा साडेपाचला निघतात.