सोळा बाय सोळा

शारजा, रोला. रात्रीचा दीड.
प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे परकार घोरतोय.
अलीकडे मांडीवर लॅपटॉप, आणि जुन्या हँडहेल्डच्या
पडद्यावर माझा टोपीवाला
तिसऱ्यांदा जमिनीतून आरपार पडतो.

चूक माझीच. वेग वीस पिक्सेल, फरशी सोळाची.
एका फ्रेमला तो वर होता, पुढच्या फ्रेमला खाली.
मधल्या विटेला कुणी विचारलंच नाही.

मग पाऊल तोडून टाकतो.
आधी आडवं सरकव, टेकलं का बघ,
मग उभं.
दोन्ही एकदम केलं की कोपऱ्यात चिकटतो,
बंद पडलेल्या लिफ्टसारखा लटकून राहतो हवेत.

पायाचे दोन बिंदू, डोक्याचे दोन.
आकडा चार बिट उजवीकडे ढकलला
की सोळाने भाग जातो, घर सापडतं.
शून्य म्हणजे हवा. एक म्हणजे वीट.
दोन म्हणजे खालून वर चढता येतं,
परत खाली उतरता येत नाही.
काल परकार वाकून बघत हसला होता:
"म्हंजे आपला व्हिसाच की रे."

अडीचला उभा राहतो टोपीवाला. नीट.
मी दिवा न लावता पाणी प्यायला उठतो.
बंकचा दांडा, बादली, चपला,
सात वर्षांचा नकाशा पायांना पाठ.

तरी अंगठा आपटतो.
खोका. दोरीने आवळलेला, काल इथे नव्हता.
मोबाईलच्या उजेडात मार्करची अक्षरं:
परकार, मु. पो. हर्णै, ता. दापोली.

पलीकडचं घोरणं थांबलंय.