जादा वायर

गावभागात, मारुती रोडवरून आत,
जिथं माझा टेम्पो शिरत नाही त्या बोळात
पाच खोकी मी एकट्यानं नेली
आणि सहावं, सबवूफरचं, बावीस किलोचं,
त्रिशलाबाईंच्या भाच्याला घेऊन.
"सरका." "उंबरा हाय." "हां, टेका."

हॉल बारा बाय पंधरा, खाली शहाबादी.
काचेच्या शोकेसमध्ये चांदीचा एक पेला,
टेलिफोन खात्यातल्या निरोप समारंभाचा.
चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले, म्हणाल्या,
आता एक खोली मला जोडून द्या.

मी मिरजेचा. आडनाव सतारमेकर.
आजोबा भोपळ्याला कान लावून बसायचे,
मी प्लायवुडला लावतो.
गिऱ्हाईक हसतं, मग मीही हसतो.

पुढचे दोन सोफ्याकडं जरा वळवलेले,
एकच तक्रार घेऊन आलेल्या जावांसारखे.
सेंटर टीव्हीखाली.
मागच्या दोघांना सांगून ठेवलेलं,
विचारल्याशिवाय बोलायचं नाही.
लाल लालला, काळी काळीला.
एक जरी उलटी लागली
तर दोघं एकमेकांचंच खातात.

"बसा मावशी, कानाची उंची घेतो."
टेप धरली. तीन फूट दोन इंच.
भिंतीवर खूण करायला गेलो तर
रंगाखाली आधीच एक रेघ,
आडवी, खोलीभर,
पट्टी न लावता सरळ.
"तिथवर आलं होतं," त्या म्हणाल्या
आणि चहात साखर किती ते विचारलं.

सबवूफरची जागा डोळ्यांना सापडत नाही.
त्याला सोफ्यावर बसवायचं, पाहुण्यासारखं,
आणि आपण रांगायचं.
वय एक्केचाळीस, गुडघे फरशीवर,
भाचा मोबाईलवर शूटिंग करतोय.
टीव्हीजवळ आवाज पातळ.
दाराशी तर नाहीच,
जणू खोलीला तिथं भोक आहे.
कोपऱ्यात फुगलेला, पोट सुटल्यासारखा.
शोकेस किणकिणलं,
पेल्याखाली कागदाची घडी सारली.
खिडकीखाली, नदीच्या अंगाला,
एकदम बसला,
मापानं शिवलेल्या शर्टासारखा.

उचलून तिथं ठेवला. मग तीस हर्ट्झ.
हा कानांनी फारसा येत नाही,
पायांतून येतो.
त्रिशलाबाईंनी पाय वर घेतले,
कप हातात तसाच.
"बंद करू?"
"नको. थांबा."

भाच्यानं मोबाईल खाली घेतला.

"रात्री दोनला हाच आला होता. पाण्याच्या आधी.
मला वाटलं शेजारी कुणी पंप लावलाय.
इतक्या वर्षांत लाइनवर
असला आवाज कधी नव्हता,
म्हणून ओळखला नाही."

मी तीन डेसिबल खाली आलो.
त्यांनी मान हलवली. होता तेवढा राहू दे.
परत तीन वर.

"हा जमिनीवरच लागतो?"
हो.
"आयर्विनला चाळीस फूट झालं
की सोडवायला किती वेळ?"
हा प्रश्न कंपनीच्या पुस्तकात नाही.
दोन पिना, म्हणालो. भाचा असेल तर चार मिनिटं.
"आणि नसेल तर?"
मला फोन लावा, मिरजेहून वीस मिनिटं.
"तेव्हा रस्ता नसतो," त्या म्हणाल्या,
पण नंबर विचारला.
लिहून घेतला नाही.
एकदा ऐकला, एकदा म्हणून दाखवला,
मधे जिथं थांबायचं तिथं थांबून.

वायर कापायला पक्कड लावली होती.
काढली.
जिन्यापर्यंत नेली, मग पायऱ्या मोजल्या,
अकरा, वरच्या खोलीच्या दारापर्यंत.
उरलेल्याचं वेटोळं करून
कठड्याच्या खिळ्याला टांगलं.

बिलात पाच मीटर लिहिली.
त्यांनी वेटोळ्याकडं बघितलं, बिलाकडं बघितलं,
आणि सुटे पैसे आणायला आत गेल्या.