चार म्हणाले

सात रस्त्याच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज
निवेदिता माझ्या डोक्याला पट्ट्याने बांधते.
अगं, दुखतं खांद्यात, कमरेत, पिंढऱ्यांत,
आणि तू डोकं काय बांधतेस?

भूदेवी येमूल. वय बावन्न.
कांडी मशीनवर एकोणतीस वर्षं.
एक्स-रे चांगला, रक्त चांगलं, नणंद म्हणते नाटकं.
घरी आम्ही नोप्पी म्हणतो,
इथं फॉर्मवर वेदना.

ती समजावते : दुखणं मेंदूत मुरलंय, मावशी.
ते मला कळलं, तिला वाटलं त्याच्या आधीच.
आमच्या घराखाली चार माग.
वीज गेली की एकदम थांबतात
आणि कानात तासभर खडखड सुरूच.

करंट बारीक. आधी मुंग्या, मग काहीच नाही.
निम्म्या बायकांना खरा, निम्म्यांना खोटा,
मुंग्या मात्र सगळ्यांना.
मला कुठला, ते तिलाही ठाऊक नाही.
पाकिटात बंद आहे, पाकीट पुण्यात.
टॉवेल विणला की नुसता आवाज केला
ते सहा महिन्यांनी कळेल,
असं आमच्या शेठला सांगून बघा.

वीस मिनिटं. खिडकीबाहेर त्रेचाळीस डिग्री.
मग ती विचारते, शून्य ते दहा, आज किती?
शून्य म्हणजे कसं असतं गं?
काहीच न दुखणं, मावशी.
आठवावं लागलं.
लग्नाआधी, गड्ड्याच्या जत्रेत, पाळणा वर थांबला होता
आणि आपल्याला अंग आहे
हेच लक्षात नव्हतं.

नवव्या दिवशी तिचे डोळे सुजलेले.
आतल्या खोलीत कुणीतरी बोललं असणार,
तुझे आकडे हलत का नाहीत म्हणून.
किती, मावशी?
होतं सात.
चार म्हणाले.

पेन थबकलं. मग तिने चार लिहिला,
भोवती गोल केला, दोनदा.

जिना उतरताना कठडा सोडला नाही मी.
तो चार आता कुठल्यातरी आलेखात बसलाय,
खरा म्हणून.
उद्या सांगून टाकू, म्हटलं.

दहाव्या दिवशी तिच्यासाठी शेंगा चटणी नेली, कागदात बांधून.
स्पंज सुटले. कपाळावरून खारं पाणी ओघळलं.
आज किती?
मी आत कान दिला,
खांद्यापासून खाली, एकेक माग ऐकत गेले,
चालू आहे का, की नुसता कानातच,

आणि मला नक्की सांगता येईना.