पालथा हात

सिडकोतल्या दवाखान्यात डॉक्टर गांगुर्डे म्हणाले,
काटा नंतर. आधी मूठ वळा.
मुठीच्या हाडांवरून बोट फिरवा,
फासळ्या अशा टोचल्या तर कुत्रं उपाशी.
आता तळहाताची गादी दाबा,
अशा मऊत बुडाल्या तर लठ्ठ.
आणि हा पालथा हात :
इतपतच लागल्या पाहिजेत.

खारीची गादी झाली होती.
वरून बघावं तर कंबरच नाही,
सातपूरच्या कंपनीतलं ऑइलचं पिंप.
सहा किलो जास्त.

कोण घालतं एवढं?
अण्णा खुर्चीतून म्हणाले,
"सकाळपासून उपाशी आहे हो बिचारी."

सकाळपासून तीनदा झालं होतं.
टाइम ऑफिसात चौतीस वर्षं
लोकांच्या हजेऱ्या मोजलेला माणूस,
स्वतःच्या हाताने दिलेलं
त्याच्या हिशेबात राहत नाही आता.

मग मी खारीची एकच भाकरी
सकाळीच अकरा तुकडे करून
अण्णांच्या डब्यात ठेवू लागले.
बाकीचं माळ्यावर.
खारी दर वेळी तितकीच उतावीळ,
अण्णा दर वेळी पहिल्यांदाच देतात.

संध्याकाळी इंदिरानगरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या.
तिसरीला दोघं बाकड्यावर.

दिवाळीपर्यंत साडेचार किलो उतरली.
काल पालथा हात फिरवला,
एक, दोन, तीन, लागल्या की!
त्याच नादात
शेजारी बसलेल्या अण्णांच्या पाठीवरूनही, सदऱ्यावरूनच.

मूठ लागली.

उठले. विझवलेला गॅस परत पेटवला,
आणखी एक भाकरी थापली,
तुकडे न करता वाढली,
आणि ते जेवेपर्यंत समोरून हलले नाही.