चौतीस इंच

ऑटमर गेला त्याच आठवड्यात
हरणांच्या फीडरची बॅटरीही संपली.
बॅटरीसाठी मात्र कुणी
फॉइलनं झाकलेला ट्रे घेऊन दारात आलं नाही.

ती मी एप्रिलमध्ये बदलली.
सकाळी साडेसहा, संध्याकाळी सहा:
आठ सेकंद चकती फिरते,
तीन पायांवरच्या पिंपातून मका उधळतो,
ठरल्या तारखेला पगार व्हावा तसा.
पगाराचा सुगावा लागायला
रानडुकरांना तीन रात्री पुरल्या.

आधी एक पाय उखडला.
मग पिंप आडवं.
मग मेस्किटच्या झाडांपर्यंतची जमीन
नाकानं अशी नांगरून ठेवली,
की ऑटमर असता तर म्हणाला असता,
व्हेल्डा, आता ओट्स पेरूनच टाक.

पलीकडच्या रँचवरचा एलिसेओ आला.
पडलेल्या पिंपाला त्यानं हॅट काढून नमस्कार केला.
म्हणाला, तिन्ही पाय जमिनीत जखडा,
भोवती लोखंडी खांब, खांबांना जाळी.
उंची चौतीस इंच.
हरीण उडी मारतं, डुक्कर मारत नाही.
मारत नाही, की मारता येत नाही?
त्याला वर बघायची सवय नाही, म्हणाला,
आणि माझा हातोडा उसना घेऊन गेला.

मोजायची टेप सापडेना.
दाराच्या खिळ्याला ऑटमरचा पट्टा होता.
बकलपासून कारखान्याच्या भोकापर्यंत बेचाळीस,
आणि पुढचं ते वाकडं भोक,
जे जानेवारीत त्यानं खिळ्यानं पाडलं,
पँट टिकेना म्हणून,
तिथपर्यंत बरोबर चौतीस.
मी दोनदा मोजलं.
मग पट्टा खांद्यावर टाकून
सोळा खांब ठोकले, चुनखडीत,
दिवसाला चार.
पाचव्याला हात नाही म्हणत.

जूनमध्ये कॅमेऱ्याचं कार्ड काढलं.
रात्री दोन चाळीस: डुकरीण बाहेर,
जाळीला नाक लावून,
आणि तिची पट्टेवाली सात पिल्लं
जाळीच्या चौकोनांतून आत, मक्यावर तुटून पडलेली.
सकाळी सहा पस्तीस: हरिणी आत, निवांत,
आणि तिचं ठिपक्यांचं पाडस बाहेर,
अजून उडी न शिकलेलं.
दोन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवून
कॉफी गार होईपर्यंत बघत बसले.
चौतीस इंच ठरवताना
आयांचा विचार कुणी केला नव्हता.

पिल्लांचा बंदोबस्त सोपा होता.
कोंबड्यांच्या खुराड्याची जुनी जाळी
खालच्या बाजूला गुडघाभर बांधली, झालं.
पाडसासाठी संध्याकाळी
जाळीबाहेर एक ओंजळ मका टाकला.
तो कुणी खाल्ला, ते कार्डावर आहे.
डुकरीण थेट कॅमेऱ्यात बघते आहे,
दाढेला दाणा चिकटलेला,
आमंत्रण दिलं होतंत ना, अशा चेहऱ्यानं.
एलिसेओ म्हणाला, सप्टेंबरपर्यंत थांबा,
त्याचे पाय त्याला आपोआप सापडतील.

मग पिंप रिकामं झालं.
पन्नास पौंडांचं पोतं ट्रकमधून ओढत नेलं
आणि कुंपणापाशी उभी राहिल्यावर कळलं,
फाटक ठेवलेलंच नाही.
सोळा खांब, गोल, कुठेच वाट नाही.
एकाहत्तराव्या वर्षी
मी हरणांत मोडते की डुकरांत,
हे आता ठरायचं होतं.

पोतं आधी पलीकडे लोटलं.
मग पट्टा कमरेला आवळला,
वाकड्या भोकात नाही बसला, अलीकडच्या.
एक पाय टाकला.
जीन्स तारेला अडकली.
तशीच थांबले थोडा वेळ,
अर्धी आत, अर्धी बाहेर, वाऱ्यात,
आणि मेस्किटखालून ते पाडस
कान उभे करून बघत होतं,
हे असं करायचं असतं होय.