हातचा तास

क्लाइपेडाच्या बंदरामागे, इस्पितळाच्या धोबीखान्यात
रात्रपाळी लागते बावीस चाळीसला,
सुटते सकाळी सहा पंधराला.
मी वर, तिसऱ्या मजल्यावर, पगाराचा प्रोग्राम लिहितो.
खालची यंत्रं घरघरतात
आणि माझ्या चहात बारीक वर्तुळं उठत राहतात.

पहिल्या महिन्यात मी सरळ वजाबाकी केली.
सुटायच्या वेळेतून यायची वेळ.
उत्तर आलं: उणे सोळा तास, पंचवीस मिनिटं.
गेनोवाइते जिना चढून आली, हातात चिठ्ठी,
बोटं पाण्यानं पांढरी पडलेली.
म्हणाली, "म्हणजे मीच तुमचं सोळा तासांचं देणं लागते?
कापा उद्याच्या रात्रीतून. पण आधी सांगा,
उद्याची रात्र तरी एवढी मोठी आहे का?"

मध्यरात्र नावाचा एक उंबरठा आहे
आणि तो माझ्या प्रोग्रामला दिसत नव्हता.
मी कागद ओढला, तिच्यासमोर मांडणी केली.
पंधरातून चाळीस जात नाहीत,
शेजारच्या सहाकडून एक हातचा घ्यायचा;
हा हातचा दहाचा नाही, साठाचा.
पंचाहत्तरातून चाळीस, पस्तीस.
आता पाचातून बावीस जात नाहीत,
आणि शेजारी तर कुणीच नाही.
मग अख्खा दिवस उसना घ्यायचा, चोवीस तासांचा.
एकोणतीसातून बावीस, सात.
"सात पस्तीस," ती म्हणाली, "हे मला पायांनीच सांगितलं होतं."

एका ओळीची दुरुस्ती. दीड वर्ष निभावली.

मग ऑक्टोबरातला शेवटचा रविवार.
पहाटे चार वाजता देशानं घड्याळ तीनवर नेलं.
तीन ते चार हा तास दोनदा झाला.
नोंदवहीत एकच ड्रायर
तीन चाळीसला सुरू झाला, आणि पुन्हा तीन चाळीसला,
मध्ये साठ मिनिटांचं गरम कापड.
प्रोग्राम म्हणाला, सात पस्तीस. नेहमीसारखंच.
भिंतीला विचारलं की भिंत एवढंच सांगते.

गेनोवाइते पुन्हा आली. या वेळी चिठ्ठी तिची नव्हती,
मिल्डाची होती, ऑगस्टात लागलेल्या पोरीची.
"त्या तासात तिनं एकशे बारा चादरी घड्या केल्या.
तुमचा तास हरवला असेल तर चादरी मोजा.
कपाटात आहेत."

मी घड्याळाचे काटे सोडून दिले.
कधीकाळी ठोकलेल्या एकाच खुंटीपासून
सरळ सेकंद मोजत आलो,
ना उंबरठा, ना मागे-पुढे.
येतानाचा आकडा, जातानाचा आकडा,
आणि कुणाकडून काही उसनं नाही.
आठ तास पस्तीस मिनिटं.
मिल्डाचे सात युरो चाळीस सेंट निघाले.

"तुमचेही निघतात," मी गेनोवाइतेला म्हणालो.
"माझे नाही निघत," ती म्हणाली.
"मार्चमध्ये तीनचे एकदम चार झाले,
तेव्हा न केलेल्या तासाचे पैसे तुम्ही मला दिलेत.
मी गप्प बसले. धुरावलेला मासा आणला होता त्याचा.
आता फिटंफाट.
त्या पोरीला मात्र मार्च मिळालेलाच नाही."

ती खाली गेली. जिन्यावर साबणाचा वास राहिला.
मी मार्चच्या ओळी उघडल्या.
नऊ जणी, प्रत्येकीच्या नावावर
कुठेच न घडलेला एक तास.
नवा हिशोब त्यांच्यावर चालवला
तर त्या नऊही तासांपुढे उणे उमटेल.
कर्सर लुकलुकत होता.
तारखेची अट मी ऑक्टोबरवर आणून ठेवली
आणि वर एक टीप लिहिली, पुढे येईल त्याच्यासाठी:
याच्या मागचं पुन्हा मोजू नये.
कारण लिहिलं नाही.

धोबीखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ
अजून कुणी मागे केलेलं नाही.
शिडी मिळत नाही म्हणतात.