लाल शाईची सोय

तेहतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली.
तळघर. भिंतीपलीकडे लॉन्ड्री,
म्हणून आमच्या कागदांना कायम
उकळलेल्या चादरींचा वास.
केसपेपर हरवला असं कुणी म्हटलं की मी म्हणायचो,
हरवत नाही काही,
चुकीच्या गठ्ठ्यात झोपलेला असतो.
आणि उठवून आणायचो.

मार्चमध्ये निळ्या वायरी आल्या.
मग सहा स्क्रीन, मग ऐरोलीहून लोकेश नावाचा पोरगा,
गळ्यात पट्टा, हातात समोसा.
काका, आता सगळं एका क्लिकवर.
मी विचारलं, लाल शाईची सोय आहे का?
तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

बिलिमोरिया मॅडम लाल शाईने लिहायच्या,
केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात.
पेनिसिलिन देऊ नका, मागच्या वेळी जेमतेम वाचला.
हा बहिरा नाही, तेलुगू बोलणारं कुणी बोलवा.
गोळ्या घेते म्हणते, घेत नाही. ओरडू नका, परवडत नाहीत.
मॅडम निवृत्त झाल्या, नवसारीला भावाकडे गेल्या.
शाई इथेच राहिली.

जुने कागद भरायला कंत्राटावर सायमा आली.
दिवसाला दोनशे एन्ट्री,
डबा खातानाही एक हात कीबोर्डवर.
एका दुपारी म्हणाली, चाचा, ह्या तिघी बघा.
यल्लव्वा. येलवा. एलम्मा.
तीन नंबर, तीन वयं,
पत्ता एकच: पंपिंगमागे, बैठी चाळ, खोली नऊ.
तिने तिघींची एक केली
आणि स्क्रीनवर एकाखाली एक उतरत गेलं:
मनगट, जिन्यावरून पडली.
बरगडी, जिन्यावरून पडली.
भुवईला पाच टाके, जिना.
पुन्हा मनगट.
आठ वर्षांत सात जिने.
शेवटच्या कागदाच्या कोपऱ्यात, मॅडमच्या शेवटच्या महिन्यातली ओळ:
बैठ्या चाळीत जिना कुठला?

ते सातही कागद मीच काढून दिले होते.
ह्याच हातांनी, पाच मिनिटांच्या आत,
त्याबद्दल एकदा शाबासकीही घेतली होती.
कधी शेजारी शेजारी ठेवले नाहीत.
ते माझं काम नव्हतं, असं म्हणता येतं.
म्हणून पाहिलं. घशाखाली उतरलं नाही.

आता ती ओळ ठेवायची कुठे?
पडण्याच्या कारणाला पर्याय चार:
घरात, रस्त्यावर, वाहनातून, इतर.
शेरा चाळीस अक्षरांचा, तोही कुणी उघडत नाही.
लोकेश फोनवर म्हणाला, रिक्वेस्ट टाका,
पुढच्या व्हर्जनला बघू.
सायमा बराच वेळ नख चावत बसली.
अख्ख्या सिस्टिममध्ये लाल होणारा रकाना एकच.
तिने तिथे टाइप केलं,
ॲलर्जी: जिना.

ऑडिटवाल्यांनी दोनदा चूक म्हणून खूण केली.
दोनदा आम्ही ‘तपासून कायम’ केलं.

ऑगस्टात सर्व्हर तीन दिवस बसला.
मी पुन्हा गठ्ठे उचलले. खोटं कशाला बोलू,
बरं वाटलं.

मग एका शुक्रवारी रात्री ती कॅज्युअल्टीत आली.
मी पाहिलं नाही, हळदणकर मावशींनी सांगितलं.
खांदा निखळलेला. नवरा पुढे, बोलणारा तोच.
उदगीरकडची नवी डॉक्टर, सोळावा तास ड्युटीचा,
तिने नंबर टाकला. कोपरा लाल झाला.
वाचलं. कपाळाला आठी. पुन्हा वाचलं.
मग सातही ओळींवरून हळूहळू खाली गेली.
आणि नवऱ्याला म्हणाली, अगदी साध्या आवाजात,
एक्स-रेचा फॉर्म घेऊन या, तिसऱ्या मजल्यावरून.
लिफ्ट बंद आहे.
जिन्याने जा.

दार लावून घेतलं.

आत काय बोलणं झालं, मावशींना माहीत नाही,
सायमाला नाही. कुठल्या रकान्यात असेल तर असेल.
तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच
मी शोधायला गेलो नाही.